धंदा करताना तब्येत सांभाळायची कशी: इंदूरच्या मराठी बायांसाठी

पुण्याच्या बुधवार पेठेसारखी एका जागी बसलेली सेक्स वर्कर बायांची मोठी वस्ती आज इंदूरमध्ये नाही. काम फोनवर ठरतं, भाड्याच्या खोलीत नाहीतर लॉजवर होतं, आणि संध्याकाळी बाई घरी येऊन पोळ्या लाटते. शेजारणीला वाटतं ती केटरिंगला जाते, नाहीतर कुणाच्या आजीला सांभाळते. मी बरीच वर्षं या शहरात अशा बायांसाठी समुपदेशनाचं काम करते. त्यांतल्या काही जळगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूरकडून आलेल्या, काही पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मराठी बाईची इथे एक वेगळी अडचण असते. आपला समाज लहान आणि एकमेकांना धरून आहे. गणपतीत, हळदीकुंकवाला, लोकमान्य नगरात, रामबागेत सगळे सगळ्यांना ओळखतात. एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात आजाराच्या आधी "कुणी ओळखीचं भेटलं तर?" हे येतं, आणि ती रिक्षा करून परत फिरते.

ओळख दुसऱ्या बाजूनेही घात करते. माझ्यासमोर ज्यांचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्यांतल्या कितीतरी जणी अनोळखी गिऱ्हाइकापाशी कंडोम कधीच चुकवत नव्हत्या. तो सुटला होता आपल्या माणसापाशी. म्हणून हा लेख वाचताना ओळखीच्या माणसांकडे जास्त लक्ष ठेवा.

जोखीम कुठे आहे, कुठे नाही

भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. नॅको या सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या 2021च्या पाहणीत सेक्स वर्कर बायांमध्ये ते सुमारे 1.85 टक्के होतं. जवळजवळ नऊ पट. तरीही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना संसर्ग नव्हता, हेही त्याच आकड्यात आहे. "आपल्याला एक दिवस होणारच" असं मनाशी धरून बसलेल्या बाईला मी आधी हा दुसरा भाग सांगते, कारण होणारच म्हटल्यावर माणूस सांभाळणं सोडून देतो.

विषाणू वीर्य, योनीतला स्राव, रक्त आणि आईचं दूध यांतून जातो. डास, एकत्र जेवण, एकच संडास, मिठी, चुंबन यांनी जात नाही. सगळ्या संबंधांत जोखीम सारखी नसते. कंडोमशिवाय योनीमार्गे संबंध झाला आणि पुरुष उपचार न घेणारा पॉझिटिव्ह असला, तर दर दहा हजार वेळांमागे साधारण 8 वेळा बाईला संसर्ग होतो. मागच्या बाजूने संबंध असेल तर हाच आकडा साधारण 138 आहे. गिऱ्हाईक "मागून केलं तर पोट राहायची भीती नाही" म्हणत जादा पैसे दाखवतो, तेव्हा हे दोन आकडे आठवा. तोंडाने करण्यात एचआयव्हीची भीती फार कमी, पण गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) त्या वाटेनेही लागतात.

आणि 8 हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. तो एका वेळेचा आहे. महिन्याला किती वेळा, हे तुम्हालाच माहीत. शिवाय अंगावर फोड किंवा जखम असली, पुरुषाला नुकताच संसर्ग झालेला असला, तर जोखीम कितीतरी पटीने वाढते.

कंडोम: पिशवीतून कागदात गुंडाळेपर्यंत

"दीदी, मला काय शिकवता, रोजचं काम आहे," असं म्हणणाऱ्या बाईच्या हातात मी लाकडी मॉडेल देते आणि म्हणते, करून दाखवा. दहातल्या सहा-सात जणी पाकीट दाताने फाडतात. दात लागला की आतल्या रबराला बारीक चीर पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

सुरुवात ठेवण्यापासून होते. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या पेटीत, स्कूटीच्या डिकीत किंवा दिवसभर ब्लाउजमध्ये ठेवलेला कंडोम उष्णतेने आणि घासून खराब होतो. कापडी बटव्यात, खोलीतल्या थंड कोपऱ्यात ठेवा. वापरायच्या आधी तारीख पाहा. मग पाकीट अंगठा आणि बोट यांमध्ये दाबा. आत हवेचा फुगा सरकला पाहिजे. चपटं, कडक लागलं तर ते फेका.

आता आतला कंडोम एका कडेला सरकवून दुसऱ्या कडेने पाकीट हाताने फाडा. कंडोमच्या टोकाला जी चोच असते ती चिमटीत धरून हवा काढा, कारण तिथे हवा अडकली की तो फुटू शकतो. लिंग पूर्ण ताठ झाल्यावर तसाच चिमटीत धरून मुळापर्यंत उलगडा. उलगडत नसेल तर उलटा धरलाय. तो परत सुलटा करून वापरू नका, त्याला वीर्य लागलेलं असू शकतं. नवीन घ्या. एकावर एक दोन चढवले तर घासून दोन्ही फाटतात. संबंध झाला की लिंग ताठ असतानाच मुळाशी कंडोम धरून बाहेर काढायला सांगा, गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. संडासात टाकला की पाइप तुंबतो आणि घरमालकाला पत्ता लागतो.

खोबरेल तेल, व्हॅसलीन, क्रीम यांनी कंडोमचं रबर काही मिनिटांत कमजोर होतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर बनलेली जेली वापरा. सेक्स वर्कर बायांसाठी एचआयव्ही रोखण्याचा सरकारी प्रोजेक्ट चालतो, त्याच्या केंद्रावर निरोधबरोबर ती मागून घ्या, न लाजता. पुरुष ऐकतच नाही अशा वेळी बाईने आत घालायचा कंडोम कामी येतो. तो आधीच घालून ठेवता येतो. सवय व्हायला तीन-चार वेळा लागतात, म्हणून पहिल्यांदा घरी निवांत एकटीने घालून पाहा.

पोट राहू नये म्हणून मात्र एकट्या कंडोमवर राहू नका. सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन मोफत मिळतं, तांबीही बसवून देतात. ही साधनं एचआयव्ही रोखत नाहीत, त्यामुळे दोन्ही बरोबर चालू ठेवायची.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कधी

दार बंद व्हायच्या आधी. फोनवर पैशाबरोबरच कंडोमचंही ठरवा, म्हणजे खोलीत वाद घालायची पाळी येत नाही. "मुझे कुछ नहीं है" म्हणणाऱ्याला एका बाईने दिलेलं उत्तर मी सगळ्यांना सांगते: "भैया, तुम्हारे लिए ही है, मेरे पास दिनभर में और लोग भी आते हैं." त्याच्या मर्दपणाला धक्का लागत नाही आणि कंडोम चढतो. दारू प्यायलेल्या माणसापाशी कंडोम स्वतःच्या हाताने चढवा, आणि त्याच्याबरोबर स्वतः पिऊ नका. जादा पैशाचं आमिष सगळ्यात मोठं असतं, विशेषतः भाड्याच्या तारखेच्या आसपास. त्यासाठी मैत्रिणींमध्ये एक ठरवून घ्या, की बिना कंडोम कुणीच जाणार नाही. एकीने नाही म्हटलं तर तो दुसरीकडे जातो, तिघींनी म्हटलं की मुकाट्याने पाकीट उघडतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सांगलीत 1992 पासून संग्राम संस्थेने बायांच्याच हातून कंडोम वाटले आणि त्यातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायांनीच एकमेकींना शिकवलं. आपल्याच भाषेतल्या बायांनी करून दाखवलेलं हे काम आहे.

आपला माणूस

इथे मी जरा थांबते, कारण गाडी इथेच अडते.

एक बाई माझ्याकडे दर तीन महिन्यांनी नेमाने यायची. पिशवीत कंडोमची पट्टी कायम. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा ती कागदाकडे बघतच राहिली. "पण मी तर सगळ्यांना लावते," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते सोडून." ते म्हणजे चार वर्षं तिच्याकडे येणारा माणूस. मुलाची शाळेची फी भरायचा, दिवाळीला साडी आणायचा. त्याच्यापाशी कंडोम पुढे केला की जणू ती त्याला म्हणत असे, तू गिऱ्हाईक आहेस. पुढे न केला की ती त्याची बायको होत असे. ही गोष्ट मला कळते आणि मी तिला कधीही दोष दिला नाही. पण या माणसाचे बाहेर कुणाशी संबंध आहेत, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं.

म्हणून तुमचा असा कुणी असेल तर असं करा. कंडोम लावायला सांगताना एकदम संशयाचा विषय काढू नका. आधी "पोट राहील" हे कारण पुढे करा, ते पटकन पटतं आणि कुणाच्या मनाला लागत नाही. मग दोघांनी मिळून तपासणीला जायचं ठरवा. त्याला एकट्याला जा म्हटलं की राग येतो, दोघं जाऊ म्हटलं की तयार होतो. तीन महिने कंडोम वापरून पुन्हा तपासणी करा. त्यानंतरही त्याचे बाहेर संबंध असतील तर कंडोम चालूच. नवऱ्यालाही हेच लागू.

माणूस तपासणीला तयारच नसेल, कंडोमलाही नाही म्हणत असेल, तर डॉक्टरांना प्रेपबद्दल विचारा. एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची ही गोळी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, सुरू करण्याआधी तपासणी लागते. गरमी-परम्यापासून ती वाचवत नाही.

कंडोम फाटला, निसटला, जबरदस्ती झाली

घड्याळ बघा. तुमच्याकडे 72 तास आहेत, पण पहिले दोन तास सगळ्यात मोलाचे.

आत डेटॉल, साबण, लिंबू काहीही घालू नका. आतलं नाजूक कातडं सोलवटतं आणि विषाणूला वाट मिळते. लघवी करा, बाहेरून साध्या पाण्याने धुवा. जबरदस्ती झाली असेल आणि तक्रार करायचा विचार असेल तर शक्यतो धुऊ नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा. मग सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. इंदूरमध्ये एमवाय. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा, आणि "पेप हवं आहे" हे शब्द वापरा. पेप म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग रुजू नये म्हणून लगेच सुरू करायची औषधं. 28 दिवस रोज गोळ्या घ्यायच्या असतात. मळमळ होते, तरी मधेच सोडायच्या नाहीत. सरकारी नियमांत ही औषधं मुख्यतः दवाखान्यातले कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी धरलेली आहेत, त्यामुळे कंडोम फाटून गेलेल्या बाईला कधी दोन प्रश्न जास्त विचारतात. मागे फिरू नका. तिथे नाहीच मिळालं तर खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतं.

पोट राहू नये म्हणूनची तातडीची गोळीही 72 तासांच्या आतच, जितकी लवकर तितकी बरी.

जबरदस्ती झाली असेल तर पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने मोफत उपचार केलेच पाहिजेत. तुम्ही धंदा करता म्हणून हा हक्क कमी होत नाही. 112 पोलिसांचा आणि 181 बायांच्या मदतीचा नंबर आहे.

अंगावरच्या खुणा

पांढरं जातं तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं जातंच. वास येतो, खाज येते, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जातं, लघवीला जळजळ होते, ओटीपोट दुखतं, संबंधानंतर रक्त जातं, जांघेत गाठ येते, फोड येतो, यांतलं काहीही झालं तर सुरक्षा क्लिनिकमध्ये जा. सरकारी रुग्णालयांतल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांना हे नाव दिलेलं आहे. तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटांतून औषध देतात. योनीतून पांढरं जात असेल तर हिरवं, गर्भाशयाच्या तोंडाच्या संसर्गाला राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं, नागिणीसारख्या बारीक पाण्याच्या फोडांना लाल. मैत्रिणीला हिरवं दिलं म्हणून तुम्ही तेच मागू नका. तिचा आजार वेगळा असू शकतो.

सगळ्यात फसवा फोड असतो तो न दुखणारा. गरमीचा म्हणजे सिफिलिसचा पहिला फोड दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. बाई म्हणते बरं झालं, पण आजार रक्तात उतरलेला असतो. पुढे तो हृदयाला, मेंदूला आणि पोटातल्या बाळाला धरतो. सुरुवातीला कळला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन पुरतं. मेडिकलवाल्याकडून "दोन गोळ्या दे" म्हणून आणलेलं औषध आजार अर्धवट दाबतं. आणि आपल्या माणसालाही उपचार द्या, नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि तो परत देईल.

एकदा हिपॅटायटिस बीची लस घेऊन टाका. आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या. एचआयव्ही असेल तर ती पंचविशीतच सुरू करायची.

तपासणीला जायचं, पण कुणाला न दिसता

प्रोजेक्टशी जोडलेल्या बाईची दर तीन महिन्यांनी अंगाची तपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी व्हायला हवी. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन केंद्रावरच पहिली तपासणी होते. तिथे काही आढळलं तरच पुढे रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीच्या केंद्रात, जावं लागतं. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती इथेच निम्मी होते. प्रोजेक्टशी जोडलेल्या नसाल तर 1097 वर फोन करा. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही, जवळचं केंद्र सांगतात.

आयसीटीसीत समुपदेशक तुमच्याशी बंद खोलीत आधी बोलते, तपासणीनंतरही बोलते. कागदावर तुमचा नंबर असतो. काम काय करता हे सांगायची सक्ती नाही, पण सांगितलंत तर सल्ला जास्त नेमका मिळतो. 2017चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करणं आणि तुमचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगणं, दोन्हीला त्यात मनाई आहे. तरीही खिडकीपाशी कुणी मोठ्याने नाव घेतलं तर तिथल्या तिथे म्हणा, "हळू बोला, हे गुप्त ठेवायचा कायदा आहे." मी हे वाक्य बायांकडून पाठ करून घेते.

काल संबंध आला आणि आज तपासणी केली, तर ती कालचं सांगत नाही. शरीरात खूण उमटायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. आणि एका तपासणीवरून कुणालाही पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या किट्सवर खात्री करतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

त्या दिवशी घरी एकटीने जाऊ नका. मैत्रिणीला बोलवा, नाहीतर समुपदेशकापाशी बसून राहा. भारतात 2004 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, सरकारकडून मोफत मिळतात आणि 2017 पासून रिपोर्ट आला की लगेच सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते. एमवायमध्ये एआरटी केंद्र आहे. सुरुवातीला दर महिन्याला जावं लागतं, तब्येत बसली की जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम देतात.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, मोजतात. रोज गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो कमीच राहिला तर संबंधातून तिच्याकडून दुसऱ्याला जात नाही. हे ऐकल्यावर बायांच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मी पाहिलं आहे. कंडोम मात्र सोडायचा नाही, बाकीचे आजार आहेतच. पोट असेल तर उपचारांशिवाय बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, औषधं घेतली तर 5 टक्क्यांच्याही खाली येते. खोकला असेल, मग तो कितीही दिवसांचा असो, तर टीबीची तपासणी मागा.

पोलीस आणि कागद

पर्समध्ये कंडोम सापडला म्हणून घाबरू नका. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सेक्स वर्करच्या पर्समधला कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरता येत नाही. त्याच आदेशामुळे पत्त्याचा पुरावा नसलेल्या बाईलाही नॅको किंवा राज्याच्या एड्स सोसायटीच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळू शकतं, आणि कार्डावर तुमच्या कामाची कुठलीही खूण नसते. प्रोजेक्टच्या ऑफिसात विचारा.

आता एवढं लक्षात ठेवायचं कसं? माझ्याकडे येणाऱ्या एका ताईची युक्ती सांगते. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांमध्येच ती पेनाने बारीक ठिपका देते. एक ठिपका म्हणजे तीन महिन्यांची तपासणी, दोन म्हणजे रक्ताची, आणि चौकटीच्या कोपऱ्यातला ठिपका लसीचा. सासू त्याच कालनिर्णयात चतुर्थी बघते. तिला आजवर काही विचारावंसं वाटलेलं नाही.